शोकेसमधला नानाजी

ही गोष्ट कोणी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. झाडीपट्टीतला माणूस वाघाची गोष्ट मानतो, भुताची मानतो, निवडणुकीतलं भाषणही एखादवेळी मानून टाकतो, पण नानाजी मारबते स्वतःच्या मरणाला स्वतः हजर होता, तेही भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळ, पाणपोईवरचं गार पाणी पोटभर पिऊन, असं म्हटलं की हाच माणूस तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात सारतो आणि म्हणतो, "फेका भाऊ, फेका. आपल्या बापाचं काय जाते!" तर ज्याला मानायचं नाही त्यानं मानू नये. नानाजीनं स्वतः तरी कुठं लगेच मानलं होतं?

तो आला होता आपले फोटो घ्यायला. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. त्या दिवसांत चंद्रपुरात सगळेच करतात तसं त्यानंही पांढरा दुपट्टा डोक्यावरून घेऊन नाकातोंडाभोवती घट्ट गुंडाळला होता. माणूस म्हणून बाहेर उरले होते ते फक्त डोळे. प्रफुल फोटो स्टुडिओच्या पुढं बांबूच्या ताटव्यांचा मांडव होता, मांडवाखाली ओलं पोतं गुंडाळलेला रांजण. दुपट्टा हनुवटीखाली ओढून तो पाणी प्याला, पुन्हा गुंडाळला, आणि 'रंगीत फोटो एका तासात' अशी पट्टी चिकटवलेल्या शोकेसच्या काचेकडे सहज पाहिलं. पालथं पडून हसणारं उघडं बाळ होतं. हनुवटीला बोट लावलेली नवरी होती. वकिलाच्या काळ्या झग्यातला एक पोरगा होता, ज्याला झगा मोठा होत होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध, चंदनाच्या हारात, कपाळावर ब्रशानं काढलेला कुंकवाचा टिळा लावून, समोर लाल झिरोचा बल्ब मिणमिणत असलेला एक म्हातारा. फ्रेमच्या खाली सोनेरी अक्षरात 'कै.' एवढंच लिहिलेलं. पुढची जागा कोरी.

पहिल्या झटक्याला नानाजीला वाटलं, हा आपला बाप. पण बापाचा फोटो नव्हताच. इसरू मारबते तलावातच जन्मल्यासारखा जगला आणि तलावाच्या काठावरच गेला, आणि त्याच्या आयुष्यात कॅमेरा नावाची वस्तू एकदाही त्याच्यासमोर आली नाही. नानाजीला बाप आठवायचा तो पाठमोरा, कमरेएवढ्या पाण्यात, खांद्यावर जाळं, पाठीवरून पाणी ओघळतंय. तोंड आठवायला जावं तर तोंडाच्या जागी नुसतं चकाकतं पाणी. बाप पाण्यात उभा असला की बोलायचा नाही, दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही; बोललं की मरळ मासा चिखलात तोंड घालते, म्हणायचा. पितरांच्या दिवशी नानाजीची बायको रुखमाबाई पाटावर सासऱ्याच्या जागी जाळ्याची एक शिशाची गोळी ठेवायची, तिलाच हळदकुंकू वाहायची आणि म्हणायची, "हाच तुमचा बाप. पाया पडा." नानाजी पडायचा. पण दरवर्षी वाकताना त्याला वाटायचं, आपण वजनाच्या पाया पडतो आहोत, माणसाच्या नाही. आणि आता हा काचेमागं बसलेला म्हातारा, इतका शांत, इतका स्वच्छ, जणू कोणी त्याला तळ्याच्या तळातून काढून, पुसून, खुर्चीवर बसवला होता. मग नानाजीला सदऱ्याचं बटण दिसलं. वरून दुसरं बटण निळं होतं. बाकीची पांढरी. ते निळं बटण रुखमाबाईनं लावलं होतं, आणि लावताना म्हणाली होती, "कोन पाहते तुमच्या बटनाकडं?"

त्यानं दुपट्ट्यातून हात घालून आपल्या छातीवरचं बटण चाचपलं. होतं. बोटाखाली गरम, घामट, जिवंत बटण. काचेत त्याच्या डोक्याचं पांढरं प्रतिबिंब पडलं होतं. तो अर्धं पाऊल सरकला तशी ती पांढरी आकृती हारातल्या म्हाताऱ्यावर जाऊन बसली, आणि दोघांचे डोळे एकावर एक आले. आतले डोळे जास्त चांगले होते. ही गोष्ट त्याला टोचली.

डोळ्यांचं एवढं कारण की डोळ्यांवरच सगळा भरवसा होता. नानाजी झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईत नाटक होतं, आणि तिथं हजारो माणसं शेतात बसलेली असतात. त्यांच्या शेवटच्या बंडीपर्यंत, पार मागच्या बैलगाडीपर्यंत, शब्द पोहोचवायचा तर बोलून भागत नाही, गर्जावं लागतं. वर टांगलेला माइक असतो, पण तोही पाहुण्यासारखाच, कधी असतो, कधी नसतो. नानाजीनं आयुष्यभर गर्जून हसवलं. दिवसा तलावावर मुका, संध्याकाळनंतर मंडपात तोफ. पोस्टरवर त्याच्या नावाआधी 'खळखळून हसवणारे' असं छापायचे. मग घशात गाठी झाल्या, चंद्रपूरच्या डॉक्टरनं त्या काढल्या, आणि गाठींबरोबर आवाजही गेला. जे उरलं ते असं, की सागाच्या वाळल्या पानावरून उंदीर पळावा. कंपनीचा मालक माणूस वाईट नव्हता. त्यानं पुढच्या हंगामात नानाजीला प्रेताचा रोल दिला. "बोलाचं काई कामच नाई नानाजीभाऊ, नुसतं पडून राहाचं हाय," तो म्हणाला. नानाजी पडून राहिला. चादरीखाली त्याला वाटत होतं की आता नायिका चादर उघडेल, लोक आपलं तोंड पाहतील, आणि सगळं शेत फुटेल हसण्यानं; त्यासाठी त्यानं ओठाचा एक कोपरा जरासा वाकडा करूनही ठेवला होता. नायिकेनं चादर उघडली, किंकाळी फोडली, चादर पुन्हा टाकली. शेतात सगळीकडं मुसमुस. कोणी ओळखलं नाही. चादरीचा वास कापराचा आणि डिझेलचा होता, तो वास अजून त्याच्या नाकात बसलेला होता.

तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट घर करून होती: आवाज गेला म्हणजे नानाजी गेला का? आवाज काढून घेतल्यावर मागं राहतो तो कोण? रुखमाबाई म्हणायची, "मागं राह्यते तो घरचे झिंगे निवडते. बसा." आणि तो बसायचा. झिंगे निवडता निवडता मधूनच एखाद्या झिंग्याला नाटकातल्या मुनीमजीसारखा डोळा मारायचा. पण झिंगा हसत नाही.

मग पुतण्या मिथुन आला, कंपनीत लायटीवर असलेला, कानाच्या मागं नेहमी टेस्टर खोचलेला. मुंबईची माणसं चंद्रपुरात उतरली होती, जंगलातली एक मालिका काढणार होती, आणि त्यांना चेहरे हवे होते. इथले, उन्हात भाजलेले. "काका, पोर्टफोलिओ घेऊन जा," मिथुन म्हणाला. नानाजीनं विचारलं, हे काय असते? "मोठे फोटो. येगयेगळ्या कपड्यात, येगयेगळ्या भावात. तुमी काय काय होऊ शकता, थे दाखवाचं." नानाजीनं बोट आपल्या घशाकडं नेलं. मिथुन हसला. "अवो काका, मुंबईवाले आवाज नाई पाहत. चेहरा पाहतेत. आवाज मंग दुसऱ्याचा टाकतेत वरून." आवाज वरून टाकतात! जगात असा एक कारखाना होता तर, जिथं नानाजीचा फक्त चेहरा लागत होता, आणि बाकीचं दुकानातून आणता येत होतं. त्या दिवशी तो तलावावर गेला आणि पाण्यात वाकून आपलं तोंड पाहत बसला. पाणी हलत होतं. तो दारुडा झाला, हवालदार झाला, लेकीला सासरी धाडणारा बाप झाला. बांधावरून जाणारा एकजण म्हणाला, "काय भाऊ, पोट दुखून राह्यलं का?"

स्टुडिओत तो रेक्झिनची पिशवी भरून कपडे घेऊन गेला होता. हवालदाराची खाकी, फाटका बनियान, मुनीमाची काळी टोपी, लाल फेटा. प्रफुल पंचविशीतला, मऊ बोलण्याचा पोरगा. "मोठे फोटो पायजेत," नानाजी त्याच्या कानाशी वाकून कुजबुजला, "चांगले काढ बाबू. मुंबईले जाचे हायेत." आणि प्रफुलचा चेहरा एकदम बदलला, हे नानाजीला लख्ख आठवत होतं. त्यानं रेडिओ बंद केला. गल्ल्यावर बसलेल्या दोघांना बाहेर जायला सांगितलं. स्वतःच्या हातानं पाणी आणून दिलं, स्टूल पुसला, नाव विचारलं नाही, काही विचारलंच नाही; पावतीवर नुसतं 'बापूजी' लिहिलं. नानाजीला भरून आलं होतं. आयुष्यभर गावोगाव गोठ्यात कपडे बदलले, आणि हा पोरगा बघा, कलावंताला कसं वागवतो! "कपडे राहू द्या बापूजी," प्रफुल म्हणाला, "हे पांढरंच चांगलं दिसते. शांत दिसते." नानाजीनं मनात म्हटलं, बरं, कपड्याशिवाय करून दाखवू. त्यानं हवालदार केला, एक भुवई कपाळात नेऊन ठेवली. प्रफुल कॅमेऱ्याला डोळा लावून तसाच थांबला. भुवई दमली, खाली आली, नानाजीनं श्वास घेतला, आणि नेमका तेव्हा छत्रीतला उजेड भक्कन फुटला. दारुडा केला. प्रफुल थांबला. दारुडा ओसरला, उजेड फुटला. "हसू नका बापूजी. असेच. हं, आता डोळे जरासे वरतं." मग नानाजीनं शेवटचं हत्यार काढलं, बगळा. नाटकात नानाजीचं पात्र खोटं बोलायला लागलं की त्याचा उजवा पाय आपोआप वर यायचा आणि डाव्या पोटरीवर घासत राहायचा, तलावाच्या काठी बगळा एका पायावर उभा राहतो तसा. त्या पायाची लोक वाट बघायचे. पाय वर आला की मंडप फुटायचा; पोट्टे महिनाभर शाळेत तसेच उभे राहायचे. नानाजी प्रफुलपुढं एका पायावर उभा राहिला. प्रफुल धावत आला, त्याच्या काखेत हात घातला आणि गहिवरल्या आवाजात म्हणाला, "पाय दुखून राह्यले का बापूजी? बसा. बसूनच घेऊ सगळे."

आणि दुसऱ्याच दिवशी गावाहून निरोप आला की तलावाचं पाणी उतरलं, मच्छीमार सोसायटीचं जाळं पडतंय, घरटी माणूस पाहिजे. नानाजी गेला. उन्हाळ्यात तलाव बोलावतो तेव्हा पोर्टफोलिओ थांबतो. चिखल, मासे, टोपल्या, बर्फाची गाडी. परत यायला हवे तेवढे दिवस गेले, आणि आज मिथुननं निरोप धाडला होता की मुंबईवाले संध्याकाळच्या गाडीनं बल्लारपुराहून निघणार, तोवर त्यांच्या लॉजवर फोटो घेऊन या.

"पाहून राह्यले का बापूजी?" शेजारच्या टपरीतून आवाज आला. खर्रेवाला सुपारी घोटत होता. "रोज कोनी ना कोनी उभं राह्यतेच त्या फोटोपुढं. वळखीचे होते का?"

"हाव," नानाजी दुपट्ट्यातून कुजबुजला. "वळखीचेच."

"अरे बाप्पा! मंग प्रफुलभाऊले सांगा ना. त्याले नावच नाई ठाऊक. फोटो काढून गेले बापूजी अन् मंग आलेच नाई. आवाज पुरा गेला होता म्हने. मुंबईले जाचं हाय म्हनत होते." खर्रेवाल्यानं गळ्यावरून बोट फिरवलं. "आता असा मानूस मुंबईले कायले जाते, तुमीच सांगा. मोठ्या दवाखान्यातच ना? तिथूनच गेले असन वरतं. घरचं कोनी जातायेता वळखन, म्हनून लावला बिचाऱ्यानं. हार बी आपल्या मनानंच घातला."

नानाजीच्या अंगावरून ऊन आणि थंडी एकदमच गेली. बंद केलेला रेडिओ, पुसलेला स्टूल, न विचारलेलं नाव. म्हातारा माणूस एकटा स्टुडिओत येऊन मोठा फोटो मागतो तो कशासाठी, हे या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. मागं भिंतीवर लावायला घरच्यांची धावपळ नको म्हणून शहाणी माणसं जिवंतपणीच काढून ठेवतात, आणि फोटोवाले अशा माणसाला काही विचारत नाहीत. नानाजीला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण पोर्टफोलिओ हा शब्द कानात शिरल्यापासून जगातला दुसरा कुठलाही फोटो त्याला आठवेनासा झाला होता. त्याला हसू आलं. हसू वर येता येता घशातल्या त्या रिकाम्या जागेत अडकलं आणि तिथंच भीतीसारखं होऊन बसलं. म्हणजे आत पाकिटात बाकीचे फोटोही असेच असणार. हवालदाराच्या आणि दारुड्याच्या मधला नानाजी, दारुड्याच्या आणि बगळ्याच्या मधला नानाजी. ज्या ज्या क्षणी तो कोणीच नव्हता तेवढेच क्षण त्या पोरानं वेचून घेतले होते, झिंगे निवडावे तसे. पुन्हा त्यानं काचेकडं पाहिलं. हा असा शांत माणूस माझ्या आत कधीपासून बसून होता? चादरीखाली होता तो हाच का? मुंबईवाल्यांपुढं एकामागून एक हे फोटो ठेवायचे, आणि ते म्हणणार, अरेरे, कधी गेले? कापराचा आणि डिझेलचा वास आला. आत जाऊन सांगावं, बाबू, मी जिता हाय. पण सांगायचं कशानं? त्या खरखरीनं? त्या आवाजात 'मी जिता हाय' हे वाक्यसुद्धा खोटं वाटलं असतं.

"कोन होते जी हे?" आता दुसऱ्या कोणीतरी विचारलं. पाणपोईवर गर्दी झाली होती. एक पोस्टमन सायकल टेकवून उभा होता, कोरपन्याकडची दोन माणसं कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या घेऊन टेकली होती, आणि खोक्यातला नवा टेबलफॅन डोक्यावर घेतलेली एक बाई, बरोबर तिची जाऊ. सगळे फोटोकडं पाहत होते, आणि मग, ओळखीचे म्हणून, नानाजीकडं. किती दिवसांत कोणी असं तोंड करून त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. पुढं काय होतं, याची वाट बघणारी तोंडं. मंडपातली. नानाजीचा जीव पहिल्या घंटेला उठतो तसा उठून उभा राहिला.

"मोठा नट होता," तो म्हणाला.

"काय म्हन्ले?" पोस्टमन पुढं सरकला. त्याच्या मागून बाकीचे सरकले. कुजबूज ऐकायची तर डोकं जवळ आणावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदा नानाजीला प्रेक्षकापर्यंत जावं लागलं नाही, प्रेक्षक त्याच्यापर्यंत आला.

"झाडीपट्टीतला. नानाजी मारबते. आवाज असा का, तिकडं मंडईत हाक मारली तं इकडं नागभीडच्या ठेसनावरची छोट्या लाइनीची गाडी सुटाची. डायवरले वाटे गार्डानं शिट्टी मारली."

"अन् गार्ड?"

"गार्ड नाटकातच बसून होता जी. थो रोजचा."

बियाण्याच्या पिशवीवर बसलेला माणूस फिसकन हसला. पण टेबलफॅनवाली बाई हसली नाही. तिनं फोटोकडं निरखून पाहिलं, टिळ्याकडं, हाराकडं. "नानाजी मारबते? मंडईतले? मेले का वो थे?" ती म्हणाली. "अगाई! माह्या लग्नाच्या साली राजोलीच्या मंडईत पाह्यलं होतं मी. हसून हसून कडेवरचं पोरगं खाली पडलं होतं." जाऊ म्हणाली, "गोकुळाबाई, लग्नाच्या साली कडेवर पोरगं कुठचं वो?" "बहिनीचं होतं! तुले काय कराचं हाय?" गोकुळा म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. एका हातानं डोक्यावरचा फॅन धरलेला, दुसऱ्यानं डोळे पुसते आहे. नानाजीला आपल्या मरणाचं एवढं वाईट वाटलं की त्याचेही डोळे भरले. आणि त्याच वेळी आत कुठंतरी, तलावाच्या तळाला मरळ हलावी तसं, काहीतरी हललं. हिला आठवतो. आवाज होता तेव्हाचा आठवतो, पण आठवतो.

मग तो सुटला. त्यानं सांगितलं की एका मंडईला वाघ आला होता, शेवटच्या बंडीच्या मागं बसला, आणि बैलांनाही कळलं नाही, कारण बैल नाटक बघत होते. दुसरा अंक संपता संपता वाघ उठून गेला. लोक म्हणाले माणसांना भ्याला. "तसं नाई जी. तिसऱ्या अंकात नायिका मरते, थे त्याले मागच्या गावीच समजलं होतं. पाहावत नव्हतं बिचाऱ्याले." आता टपरीवरचे लोकही आले. खर्रेवाल्याचा घोटण्याचा हात थांबला. नानाजी वाघ झाला, बैल झाला, बैलाशेजारी बसून सुपारी मागणारा पाटील झाला. दुपट्ट्याच्या फटीतून नुसते डोळे, आणि दोन हात, आणि खांदे. आवाज नव्हता. कोणाला तो लागतही नव्हता. स्टुडिओच्या दारात प्रफुल येऊन उभा राहिला होता, गळ्यात कॅमेरा, काय गर्दी आहे ते बघायला. नानाजीला तो कडेनं दिसला, पण चालू अंकात विंगेत कोण आलं ते नट बघत नाही.

"पन मेले कसे जी?" पोस्टमननं विचारलं.

या प्रश्नाची तयारी नव्हती. मांडवाच्या फटींतून उन्हाचे काप लोकांच्या तोंडावर पडले होते. सगळी तोंडं वर, उघडी, शेतातल्यासारखी. कसा मेला नानाजी? चादरीखाली मेला, कोणी ओळखलं नाही, हे खरं होतं. पण खरं सांगायला एवढी माणसं उन्हात उभी राहत नाहीत. "शेवटचं नाटक होतं," तो सावकाश म्हणाला, "आवाज तं पुरा गेलेला. मालक म्हने, नानाजीभाऊ, तुमी नुसतं पडून राहा. नानाजी म्हने, नाई, मी उभाच राहीन. परदा उघडला. नानाजीनं तोंड उघडलं. काईच नाई. हवा. सारं शेत चूप. मंग मागून, पार शेवटच्या बंडीवरून, एक म्हातारी बोलली. नानाजीचं वाक्य. त्याईले सारी वाक्यं पाठ होती ना, इतक्या सालाची. मंग दुसरी बोलली, मंग पोट्टे बोलले, मंग सारं शेत. नानाजी नुसते ओठ हलवे, हात करे, अन् हजार मानसं त्याचा आवाज होऊन बोलत. असं नाटक त्याच्या आधी झालं नाई, नंतर होनार नाई. अन् शेवटलं वाक्य संपलं, तसा थो खाली बसला, हसला, अन् तिथीच..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं नाही की आपला उजवा पाय चपलेतून निघाला आहे. तो वर आला, डाव्या पोटरीला टेकला, आणि हळूहळू, वर खाली, घासू लागला. मांडवाखाली सगळे मान खाली घालून उभे होते, मेलेल्या नटाला मान देत. नानाजी एका पायावर उभा राहून आपल्या मरणाचा शेवट शोधत होता. दारात प्रफुलची नजर त्या पायावर गेली. मग काचेमागच्या फोटोवर गेली. मग पुन्हा पायावर. फोटोवाल्याचे हात कोणाच्या सांगण्यासाठी थांबत नाहीत, त्यांनी कॅमेरा वर उचलला होता, डोळ्याला लावला होता, आणि या वेळी ते थांबले नाहीत, पाय वर असतानाच खटका पडला, आणि पुन्हा पडला.

त्याच वेळी गोकुळेनंही खाली पाहिलं. तिनं डोक्यावरचा टेबलफॅन काढून पोस्टमनच्या हातात दिला, घे म्हणायलाही ती थांबली नाही. दोन माणसं बाजूला सारून ती पुढं आली, पायाकडं पाहिलं, डोळ्यांकडं पाहिलं, आणि दुपट्ट्याचं टोक धरून एका हिसक्यात ओढून काढलं. मग जटपुरा गेटापासून पार नागभीडच्या ठेसनापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "खोटं! साफ खोटं बोलून राह्यला हा मानूस! कुठचा मेला? अवो, हाच थो नानाजी मारबते हाय, जिता हाय!"